नागोरावांनी बंद केलेले पंप

नागोरावांची सून घरात बसल्या बसल्या जमिनीच्या पोटातला तापलेला रस पंपाने वर काढत होती, आणि हे चारचौघांत सांगावं कसं, हे काही नागोरावांना उमगत नव्हतं.

विश्रांतवाडीच्या त्यांच्या सोसायटीत संध्याकाळी बाकावर बसणाऱ्यांत रामदास कुलकर्णी नावाचे एक निवृत्त हेडक्लार्क होते. दुसऱ्याच्या घरच्या चौकशा करणं हा त्यांचा निवृत्तीनंतरचा पूर्णवेळ उद्योग.

"सूनबाई सुट्टीच्या दिवशीही कॉम्प्युटरसमोर दिसतात. काय काम चालतं एवढं?"

"पंप बसवून राहिली," नागोराव म्हणाले.

"बोअरला?"

"नाही. त्याच्या बी खाली."

"बोअरच्या खाली काय असतं?"

"शिलारस."

कुलकर्ण्यांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. "बरं," ते म्हणाले, "निघालाच तर आमच्या गीझरला एक कनेक्शन द्या."

नागोरावांना राग आला नाही. त्यांना स्वतःलाच जिथे धड कळत नव्हतं, तिथे रागवायचं कुणावर?

तसे ते पंपांना नवखे नव्हते. हिंगणघाटहून तरुणपणी पुण्यात आले ते थेट एका पंपांच्या कारखान्यात चिकटले. टेस्टिंगला. तयार झालेला पंप बाकावर चढवायचा, पाणी भरायचं, मोटार सुरू करायची, किती उंचीवर किती पाणी फेकतो ते बघायचं आणि पास झाला की शिक्का मारायचा. आयुष्य असं पाण्याच्या आवाजात गेलं. मग देशाची दारं उघडली, बाहेरचे पंप आत आले, कारखान्यात नवा मॅनेजर आला आणि थोड्याच वर्षांत सगळ्यांच्या हातात स्वेच्छानिवृत्तीचे कागद आले. स्वेच्छा कुणाची होती, ते विचारू नका. कारखान्याच्या जागेवर आता पोहण्याच्या तलावासकट एक मोठी सोसायटी उभी आहे.

मुलगा तेजस कॉम्प्युटर शिकला म्हणून घर तरलं. त्याने लग्न केलं ते शनिवार पेठेतल्या उत्कर्षाशी. दोघं एकाच कॉलेजातली, नंतर एकाच धंद्यातली. नागोरावांची पत्नी चंद्रभागा लग्न बघून गेली, तेवढं एक समाधान. उत्कर्षा मोजकं बोलणारी आणि जे बोलेल ते काटकोनात. पहिल्या दिवाळीला नागोरावांनी कौतुकाने म्हटलं होतं, "चकल्या छान झाल्या बाप्पा." त्यावर ती म्हणाली, "विकतच्या आहेत." पण सासऱ्याच्या चहात साखर किती आणि बीपीची गोळी केव्हा, हे तिला कधी विचारावं लागलं नाही.

तेजसला कंपनीने तीन महिन्यांसाठी जर्मनीला पाठवलं. त्या तीन महिन्यांना शेपटं फुटत गेली. आधी रोज फोन व्हायचा, मग आठवड्याला, मग नुसता, "जेवलीस का?" "जेवले." "बाबा?" "बरे आहेत." "ठेवतो." भांडण म्हणावं तर आवाज चढलेला कुणी ऐकला नव्हता. सगळं सुरळीत म्हणावं तर सुरळीत काय होतं?

दोघांमध्ये खरी ये-जा होती ती एका गडाची.

हा गड कॉम्प्युटरच्या खेळातला. डोंगर पोखरून बुटक्या दाढीवाल्या माणसांनी त्यात गाव वसवायचं, शेती करायची, भट्ट्या पेटवायच्या. ते खोदतात, आपण फक्त हुकूम सोडायचे. लग्नाआधीपासून तेजस आणि उत्कर्षा हा गड मिळून चालवत होते. गडातलं एक वर्ष तिने चालवायचं, मग अख्खा गड ईमेलने त्याला धाडायचा. पुढचं वर्ष त्याचं. नागोरावांनी पहिल्यांदा पडद्यात डोकावलं तेव्हा त्यांना वाटलं कॉम्प्युटर बिघडला. काळ्याकुट्ट पडद्यावर अक्षरं, टिंबं, गणितातल्या खुणा आणि मध्येच हसरी तोंडं इकडून तिकडे पळताहेत.

"यात जिंकायचं काय असते?" त्यांनी विचारलं होतं.

"काही नाही. गड बुडेपर्यंत चालवायचा."

"आणि बुडला की?"

"नवा बांधायचा."

"मग काहून खेळता?"

"तुम्ही बातम्या काहून बघता?" उत्कर्षा म्हणाली.

पुढे पुढे ते तिच्या शेजारी खुर्ची टाकून बसायला लागले. टीव्हीपेक्षा बरं. हळूहळू त्यांच्या ध्यानात आलं, की जे फोनवर बोललं जात नाही ते इथे चाललंय. एका वर्षी तेजसच्या नावाच्या बुटक्याची झोपायची खोली उत्कर्षाने विटा लावून बुजवून टाकली. गड परत आला तेव्हा तेजसने एक नवं कोठार बांधून त्याचं नाव ठेवलं होतं 'सॉरी'. उत्कर्षाने त्यात गावभरचे सडके मासे भरले. पुढच्या खेपेला मासे साफ केलेले, कोठार रिकामं आणि पंपांच्या मुख्य मिस्त्रीचं नाव 'नागोराव'.

"हा मी?" नागोरावांनी विचारलं. सुखावावं की काय, ते कळेना.

"त्याला तुमची आठवण येते म्हणे," उत्कर्षा म्हणाली. "माझं नाव त्याने एका मांजराला दिलंय."

भाद्रपदात तिने गडाच्या पार कोपऱ्यात एक खोली खोदली. आत एक पलंग, बाहेर कुलूपबंद दार. खोलीचं नाव लिहिलं 'बंगलोर'.

"इथं कोण राहते?"

उत्कर्षाने पडद्यावरची नजर हलवली नाही. "माझ्या कंपनीने मला तिकडे बोलावलंय, बाबा. दिवाळीपर्यंत कळवायचंय. बहुतेक जाईन."

नागोरावांनी खुर्ची पुढे ओढली. "तेजसले सांगितलं?"

"लिहिलंय की तिथे."

"त्याले कळंल?"

"कळायला पाहिजे."

"आणि तो इकडं परत आला तर?"

"येणारा माणूस तारीख सांगतो," ती म्हणाली.

त्या दिवसापासून नागोरावांना एकच घोर लागला. हे घर मोडतंय. मोठा आवाज नाही, आदळआपट नाही, नुसतं झिजत झिजत मोडतंय. आणि आपण मध्ये पडावं, तर पडायचं कुठे? त्या पलंगावर?

गड तेजसकडे गेला आणि घटस्थापनेच्या आधी परत आला. बंगलोरच्या खोलीला हात लागलेला नव्हता. पण गडाच्या पोटात खालपासून वरपर्यंत एक उभा बोगदा झाला होता आणि त्यात पंप, एकावर एक, एकावर एक, लोखंडाचे. सोबत तेजसची एक ओळ, 'आग वर आण, तुझं वर्ष.'

आता हे जरा समजून घ्या. डोंगरावरचं जंगल बुटक्यांनी तोडून संपवलेलं, कोळसा उरलेला नाही, लोहाराच्या भट्ट्या थंड. जमिनीच्या तळाशी मात्र शिलारस, म्हणजे वितळलेला खडक, खदखदतोय. तो वर भट्ट्यांखाली आणून सोडला की जळण लागत नाही. आणायचा पंपांनी. हे ऐकल्यावर नागोरावांच्या अंगात जुनं वारं शिरलं.

"एवढे पंप काहून पाहिजे? खाली एकच दणकट मल्टिस्टेज बसव ना!"

"इथला एक पंप एकच मजला चढवतो."

"कोणी सांगितलं?"

"खेळाने."

"मग खेळ चुकीचा आहे. बरं, तळाशी रस धरून ठेवायले फूट व्हॉल्व्ह?"

"नाही."

"दांड्याभोवतीची ग्लँड गळत नाही?"

"नाही, बाबा."

"वितळलेला खडक, आणि ग्लँड गळत नाही!" नागोरावांनी कपाळाला हात लावला. "हे पंप मी पास केले नसते."

"पंप तुमच्या मुलाने बसवलेत. त्याला कळवा," उत्कर्षा म्हणाली.

सगळे पंप एका पाणचक्कीवर चालणार होते. बोगदा मध्ये एका ओल्या थरातून जात होता, तिथे पाणी झिरपायचं. म्हणून तेवढ्या जागी उत्कर्षाने पाणी उपसायचा एक वेगळा पंप लावला, त्याच चक्कीला जोडलेला. चक्की चालू-बंद करायला एक लीव्हर. पडद्यावरची खूण लीव्हरवर न्यायची, अक्षरं दाबायची, की एखादा रिकामटेकडा बुटका चालत येऊन लीव्हर ओढतो. हे तिने नागोरावांना शिकवलं. आणि स्पेसचं बटण दाबलं की चक्की, पाणी, माणसं, सगळं जग जागच्या जागी थांबतं, तेही शिकवलं.

"आग वर पोचली की दसऱ्याला गड त्याला पाठवून देते," ती म्हणाली. "ते शेवटचं. त्याची आग त्याच्या हवाली केली, की माझा गडाशी संबंध संपला."

म्हणजे पंप नीट चालावेत अशी इच्छा धरायची की नाही? नागोरावांना काही समजेना. पंप चालले नाहीत तर पोराची मेहनत वाया. चालले तर सून मोकळी. उभ्या आयुष्यात पंपाकडे बघून त्यांचा असा गोंधळ कधी झाला नव्हता. पंप एक तर पास असतो नाही तर नापास.

खंडेनवमीच्या दिवशी सकाळी उत्कर्षाने लॅपटॉप मांडला. "लीव्हर तुम्ही ओढा. तुम्ही पंपवाले." नागोरावांनी बटणं दाबली. भागाकाराच्या चिन्हासारखे दिसणारे पंप थरथरायला लागले आणि तळाची लाल नक्षी एक घर वर सरकली. तिचा लॅपटॉप जुना, खेळ बैलगाडीच्या चालीने चालायचा, त्यामुळे रस वर पोचायला संध्याकाळ होणार होती. तिला जेवायला माहेरी, शनिवार पेठेत बोलावलं होतं.

"चालू राहू दे. ओल्या थरात पाणी वाढताना दिसलं तर स्पेस दाबा," तिने बजावलं. "बाकी कशालाही हात लावू नका."

ती गेली आणि नागोराव पूजेचं ताट घेऊन घरभर फिरायला लागले. मिक्सर पुसला, कुंकू लावलं. शिलाई मशीन पुसलं, फूल वाहिलं. चंद्रभागेची आठवण आली, ती गिळली. मग ते लॅपटॉपसमोर आले आणि तिथेच अडले.

नवमीला यंत्र चालवत नाहीत. कारखान्यात त्या दिवशी अख्खी शेड गप्प असायची. मशीनं धुऊन-पुसून झेंडूच्या माळा घातलेली, कामगारांच्या बायका-पोरं नटूनथटून आलेली, फोरमन रंगराव नारळ फोडणार, मग पेढे. नव्या मॅनेजरने एका वर्षी परदेशी ऑर्डर आहे म्हणून नवमीलाच लाइन चालू ठेवली. त्याच वर्षी कारखाना बंद झाला. तो जागेच्या भावासाठी बंद झाला, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. नागोरावांनाही ठाऊक होतं. पण ठाऊक असणं वेगळं आणि आत बसलेलं वेगळं. आणि इथे तर समोर घरच मोडायला टेकलेलं, अन् त्यातच नवमीच्या दिवशी इतके पंप धडधडताहेत!

मग स्पेस दाबून मोकळं व्हायचं की नाही? कुणीही तेच केलं असतं. पण नागोराव कारखान्यातले. नवमीला यंत्र थांबवतात, माणसं कुठे थांबवतात? उलट त्या एका दिवशी तर माणसांना हिंडायला-फिरायला मिळायचं. बुटक्यांनी काय घोडं मारलंय?

त्यांनी खूण लीव्हरवर नेली आणि अक्षरं दाबली. एक बुटका टुकूटुकू चालत आला. चक्की थांबली, पंप स्तब्ध झाले. हसरी तोंडं गडभर हिंडत राहिली. नागोरावांना बरं वाटलं. त्यांनी कीबोर्डच्या कडेला झेंडूचं फूल ठेवलं आणि कुंकवाचं बोट चार्जरला लावलं, कारण खरी मोटार ती, असा त्यांचा हिशेब.

आणि तो पाणी उपसायचा पंप? तोही त्याच चक्कीवर होता, तोही थांबला. हे त्यांच्या डोक्यातच आलं नाही. तीसेक वर्षं पंप तपासणाऱ्या माणसाच्या डोक्यात आलं नाही, आता काय बोलायचं!

खाली सोसायटीच्या पाण्याच्या मोटारीची पूजा दर वर्षी त्यांच्याच हातून व्हायची. वॉचमन शंभू नारळ घेऊन खोळंबला होता. पूजा झाली, प्रसाद झाला आणि कुलकर्ण्यांनी गाठलं. "काय हो, गीझरचं कुठवर आलं?" त्यांच्या तावडीतून सुटून नागोराव वर आले आणि पडद्याकडे बघतच राहिले.

लाल कुठेच नव्हतं. ओल्या थरातलं निळं पाणी बोगद्यातून खाली गेलं होतं आणि जिथे जिथे त्याला शिलारस भेटला तिथे काळा दगड झाला होता. बोगदा ओल्या थराच्या खाली पार बुजलेला. नागोरावांनी घाईघाईने स्पेस दाबली. आता थांबायला उरलं काय होतं? पण दाबली, आणि तिथेच बसून राहिले.

उत्कर्षा आईने दिलेला पुरणपोळ्यांचा डबा घेऊन आली. तिने पडदा पाहिला, बटणं दाबून वर-खाली फिरून पाहिलं.

"नागोराव बुडाला," ती म्हणाली.

"मी इथंच आहो," मागून नागोराव म्हणाले.

"तुम्ही नाही. मिस्त्री." मग तिला फूल दिसलं. चार्जरचं कुंकू दिसलं. "लीव्हर कोणी ओढला?"

"मी."

"का?"

"आज नवमी."

एवढी बोलकी कारणमीमांसा ऐकून ती खुर्चीत बसली. रागावेल म्हणावं, तर रागावेना. हसेल म्हणावं, तर हसेना. नागोराव ताटातला प्रसाद पुढे करून उभे. तिने तो घेतला, तेवढाच आधार.

"हे मी त्याला लिहू काय?" ती स्वतःशीच म्हणाली. "असं लिहून कुणाला कळणार आहे?"

तिने फोन उचलला, आतल्या खोलीत गेली आणि दार लावून घेतलं.

नागोरावांनी कुकर लावला. ऐकायचं नव्हतं, पण दार पातळ. आधी पाणी, चक्की, दगड असले शब्द आले. मग तिचा आवाज चढला. या घरात पहिल्यांदाच चढला. "थट्टा? तुला थट्टा वाटली? दारावर बंगलोरची पाटी लावली होती, तेजस! पाटी वाचता येत नाही तुला?" मग, "नाही, मी ओरडत नाहीये," हे ओरडून. मग रडणं की नाक शिंकरणं, ते कळलं नाही. कुकरची एक शिट्टी झाली आणि नेमकं महत्त्वाचं काहीतरी तिच्याखाली बुडालं. नागोरावांनी गॅस बंद केला. हे भांडण मिटतंय की पेटतंय? आपण घर मोडलं की काय?

दार उघडलं. उत्कर्षाचे डोळे लाल होते. तिने फोन पुढे केला. "तुमच्याशी बोलायचंय."

"बाबा," तेजस म्हणाला, "लीव्हर काहून ओढला?"

पोराच्या तोंडून 'काहून' कित्येक महिन्यांनी ऐकलं. नागोरावांनी सगळं सांगितलं. शेड, रंगरावांचा नारळ, परदेशी ऑर्डरचं वर्ष.

"पेढे वाटले का?"

"त्या बुटक्यायले? त्यात पेढे कुठं आहेत?"

"नाहीत. दारू आहे फक्त." तेजस हसला, मग हसू मध्येच थांबलं. "बाबा, बंगलोरचं तुम्हाला माहीत होतं?"

"होतं."

"मग मला सांगायचं नाही?"

"तुम्ही दोघं बोलूनच राहिले होते ना त्या गडात," नागोराव म्हणाले. "मले वाटलं, आजकालचं बोलणं असंच असते."

उत्कर्षाने पुरणपोळ्यांचा डबा उघडला आणि उगाचच परत लावला.

दसऱ्याला गड गेला नाही. धाडण्यासारखं त्यात राहिलं काय होतं? फोन मात्र सुरू झाले, तेही भांडणाचे. नागोराव टीव्हीचा आवाज वाढवून बसायचे आणि मधूनच कमी करून बघायचे.

तेजस दिवाळीत आला. राहायला आला की भेटायला, हे विचारायचा धीर नागोरावांना झाला नाही. बॅग मोठी होती, पण तिच्यात चॉकलेटंच जास्त निघाली. बंगलोरचं उत्कर्षाने कंपनीला 'होळीनंतर सांगते' असं कळवलं, एवढं त्यांच्या कानावर आलं. म्हणजे नाही की हो? पाडव्याला तिने नवऱ्याला ओवाळलं आणि ओवाळणी म्हणून तारीख मागितली. तेजसने एक तारीख सांगितली. उत्कर्षा म्हणाली, "लिहून दे." आता ही थट्टा होती की काय होतं, देव जाणे.

दुपारी दोघं लॅपटॉपसमोर एका खुर्चीवर अर्धे अर्धे बसले होते, काळा दगड फोडत.

"पाण्याचा पंप वेगळ्या चक्कीवर घ्यायला हवा होतास," तेजस म्हणाला.

"बोगदा ओल्या थरातून न्यायला नको होतास," उत्कर्षा म्हणाली.

"मग सांगायचंस!"

"आता सांगतेय ना!"

नागोराव तिघांचा चहा घेऊन आले. "नव्या मिस्त्रीचं नाव काय ठेवलं?"

"नागोराव दुसरे," तेजस म्हणाला.

"आणि बाबा, इकडे बघा." उत्कर्षाने त्यांचं बोट धरून लांब बटणावर ठेवलं. "पुढच्या नवमीला लीव्हर नाही, हे दाबायचं. स्पेस. सगळं थांबतं."

पुढच्या नवमीला. ती हे सहज बोलून गेली की ठरवून बोलली? नागोरावांनी तिच्या तोंडाकडे पाहिलं, काही अंदाज लागेना. तेजसनेही पाहिलं. ती चहा फुंकत होती.

"माणसं बी थांबतात का?" नागोरावांनी विचारलं.

"माणसंही."

नागोरावांनी मान हलवली, वाद नको म्हणून. पण मनात म्हणाले, माणसं थांबवून कसली आली पूजा!